गोमतीने कूळ सोडलं त्याची कहाणी

एका राज्यात मूल जन्माला येत नसे. पाळणा नाही, बारसं नाही. जी प्रजा होती ती सगळी बाहेरून आलेली, एका दारातून आत शिरलेली. दार उंच होतं, काळ्या दगडाचं, आणि त्याच्या चौकटीवर एक मैना बसलेली असे. आलेल्या माणसाला ती विचारी, "कूळ कोणतं घेता? कसब कोणतं घेता?" माणूस सांगेल ते त्याला मिळे. उंबऱ्याच्या अलीकडे जो शिंपी होता तो पलीकडे पाऊल टाकताच राक्षसाएवढा होई, जी पोरसवदा होती ती तीनशे वर्षांची होई. यात कुणाला नवल वाटत नसे. त्या राज्याची रीतच तशी होती.

राजाचं नाव कीर्तिकेतू. राजा भला होता, पण त्याच्या खजिन्याला शाप लागला होता. कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाने तो घातला होता. खजिन्याला जो हात लावील तो जागच्या जागी दगड होईल. यातला एक जरी दगड वैद्याच्या हाताने जिवंत झाला, तर सगळे उठतील आणि शाप मांत्रिकावर उलटेल. राजवाड्याच्या चौकात असे चाळीस जण उभे होते. कुणाचा हात पुढे आलेला, कुणाचं तोंड हसरं. त्यांतला चाळिसावा गोमतीचा धाकटा भाऊ केरबा.

केरबा अंगाने काडी. गावात त्याला पोरं म्हणायची, "वारा सुटलाय, केरबाला दावं बांधा." एके दिवशी त्याने कुणा वाटसरूकडून या राज्याचं ऐकलं आणि घर सोडलं. तीन वर्षं झाली. आईने अंथरूण धरलं. गोमती सोमवार करी, संकष्टी करी, उपासाच्या दिवशी पाण्याचा घोटही मोजून घेई. शेवटी आई म्हणाली, "देव आपल्या जागी आहे. तू तुझ्या पायाने जा. त्याला माझ्यासमोर आणून उभा कर, मग मी डोळे मिटीन."

गोमतीने शेजारणीला आईजवळ ठेवलं आणि ती निघाली. सातव्या दिवशी दाराशी पोचली.

मैना म्हणाली, "बसा बाई. कुळं चार, कसबं पाच. सगळं नीट ऐका, मग निवडा. घाई करू नका, एकदा घेतलं की घेतलं."

गोमती बसली नाही.

मैना सांगू लागली, "पहिलं कूळ शैलांचं. काया डोंगराची, बळ दहा बैलांचं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. दुसरं वेतांचं. उंच, हलके, मैलावरचं कुजबुजणं ऐकू येतं. पण एक फटका बसला की मोडतात. तिसरे भुईकर. जमिनीखाली राहतात, धातू त्यांच्याशी बोलतो, उन्हात मात्र आंधळे. चौथं कूळ माणसाचं. ज्याला काही सुचत नाही त्याने ते घ्यावं. सगळं थोडं थोडं येतं, धड काहीच येत नाही."

"माझ्या भावाने कोणतं घेतलं? केरबा नाव. तीन वर्षांमागे आला होता."

"काडीसारखा होता तोच ना? शैल. इथे येणारा प्रत्येक काडीपैलवान शैलच होतो. कसब खड्गधाऱ्याचं. आता चौकात उभा आहे."

"उभा आहे म्हणजे?"

मैनेने शापाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. "आता कसबं ऐका. खड्गधारी मारतो. ढालकरी दुसऱ्यावरचा घाव आपल्यावर घेतो. तिरंदाज लांबून काम उरकतो. मांत्रिक आग पाडतो. आणि पाचवा वैद्य. त्याने हात ठेवला की जखम भरते, दगडालासुद्धा जीव येतो. मात्र वैद्याचा एक नेम..."

"पुरे," गोमती म्हणाली. "कूळ शैल, कसब वैद्य."

"बाई, माझं बोलणं संपलं नाही."

"एका घरात दोन कुळं असतात का? तो शैल तर मीही शैल. दार उघडा."

दार उघडलं. गोमतीने उंबरा ओलांडला तशी तिची पावलं जात्याच्या पाळीएवढी झाली आणि हाताला वैद्याची ऊब आली. मैना चौकटीवरून खाली वाकली. "आता उरलेलं ऐका. वैद्याचा हात स्वतःच्या कुळावर चालत नाही. आपल्या माणसांना आधी आणि परक्यांना मागून असं होऊ नये, म्हणून पहिल्या राजाने घातलेला नेम आहे तो. मी सांगत होते."

 गोमतीने रडायला तोंड फिरवलं, पण शैलांच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

ती चौकात गेली. चाळीस दगड होते आणि दगडांपाशी अकरा बाया. प्रत्येकीच्या हातात ओलं फडकं. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा दीर. बाया दगड पुसत होत्या, पाठीवरचं शेवाळ काढत होत्या. सगळ्या शैल, सगळ्या वैद्य.

त्यांतली थोरली इठाबाई. तिने गोमतीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आलीस? बारावी. तूही मैनेचं अर्धंच ऐकलंस ना?"

"अर्धंच."

"आपली जातच तशी. नवऱ्याने विहिरीत उडी मारली तर आधी आपण उडी मारायची, पोहता येतं का ते मग बघायचं. घे फडकं. तुझा कुठला?"

गोमतीने भाऊ ओळखला. दगडाचा झाला होता, दोन पुरुष उंच होता, पण भिवया वर करून बघायची खोड तीच होती. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. दगड थंड तो थंडच राहिला. मग तिने शेजारच्याच्या छातीवर ठेवला, त्याच्या शेजारच्याच्या ठेवला. खजिन्यावर धावून गेलेले ते सगळे शैलच होते. बळ असलेल्यांनाच ती बुद्धी झाली होती.

"दुसऱ्या कुळाचा वैद्य नाही का राज्यात?" तिने विचारलं.

"कुणाला हौस आहे?" इठाबाई म्हणाली. "वैद्याच्या नावाने पोवाडे होत नाहीत. ज्यांचं माणूस अडकतं त्याच वैद्य होतात आणि त्या आपल्या माणसाचंच कूळ घेतात."

गोमती म्हणाली, "मग दारात जाऊन बसते. येणाऱ्याला हात जोडते."

तशी ती दारात बसली. पहिल्या दिवशी एक उंच तरुण आला. गोमती म्हणाली, "दादा, वेत कूळ घ्या, वैद्य व्हा. चाळीस जीव उठतील."

तो म्हणाला, "मावशी, मी घरी आजारी बापाचं करून थकलो, म्हणून इथे आलो. इथेही तेच करू?" त्याने तलवार घेतली.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. तिला गोमतीने तेच सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, म्हणाली, "फार वाईट झालं हो तुमचं." आणि आग पाडायचं कसब घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. त्याचे हात वैद्याचेच होते, बोटांना अजून काढ्याचा वास होता. गोमतीने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारा म्हणाला, "पोरी, जन्मभर लोक बरे केले. बरे झालेले एकदाही परत आले नाहीत. आता मला लांबून बाण मारू दे." आणि तो तिरंदाज झाला.

त्या तिघांतलं कुणी खोटं बोललं नव्हतं. गोमतीला राग धरायलाही जागा उरली नाही.

मग तिने मैनेला विचारलं, "घेतलेलं कूळ टाकता येतं का?"

"तुम्ही विचारल्याखेरीज हे सांगायचं नाही, असा मला हुकूम आहे. राजवाड्यामागे कोरडी बारव आहे. तिला तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यावर एक वस्तू ठेवायची. तळाशी पोचलात तर दुसरं कूळ मिळतं. आजवर कुणी तळाशी गेलेलं नाही. तिघी दुसऱ्या टप्प्यावरून परतल्या."

"या खेपेला मी सगळं ऐकते," गोमती म्हणाली. "सांगा."

मैनेने सगळं सांगितलं. गोमतीने ते दोनदा ऐकलं आणि ती बारवेकडे गेली.

पहिल्या टप्प्यावर आवाज आला, "बळ ठेव." तिने ठेवलं. तिचे पाय लटपटू लागले.

दुसऱ्या टप्प्यावर आवाज आला, "घरची वाट ठेव." या राज्याचा एक कायदा दयाळू होता. दाराबाहेर गेलं की कूळ आणि कसब गळून पडे आणि माणूस होता तसा घरी जाई. पुन्हा आत आला तर मात्र पहिलंच कूळ आणि कसब त्याच्या अंगावर येई. ती वाट ठेवली की दार कायमचं बंद. गोमतीला आईची खाट आठवली. पाणी मागितलं की आई तीनदा हाक मारी, ते आठवलं. पुष्कळ वेळ ती तिथे बसून राहिली. मग तिने वाट ठेवली.

तिसऱ्या टप्प्यावर आवाज आला, "नातं ठेव. ज्याच्यासाठी आलीस त्याने तुला परकी म्हणून पाहावं. या राज्यात तू किंवा दुसऱ्या कुणी त्याला ओळख सांगितलीत, तर तो पुन्हा दगड होईल आणि मग कुणाच्याच हाताने उठणार नाही."

"त्याला बहीण होती, हे तरी आठवेल का?"

"बहीण आठवेल. तू आठवणार नाहीस."

गोमतीने हात जोडले. "चालेल," म्हणाली आणि तळाशी उतरली.

वर आली ती वेत होऊन. उंच, किडकिडीत, पांढऱ्या केसांची. पहिली गोष्ट झाली ती म्हणजे डोळ्यांना पाणी आलं. वेतांना रडता येतं. तिने ते पुसलं आणि चौकात गेली.

इठाबाईने तिला ओळखलं, ते तिच्या चालीवरून. "अगं, तू कूळ..." म्हणाली आणि थांबली. गोमतीने तिच्या तोंडावर हात ठेवला, बायांना जवळ घेतलं आणि अट सांगितली. अकराजणींनी आपापल्या माणसाची शपथ घेतली.

मग गोमतीने केरबाच्या छातीवर हात ठेवला. दगड कोमट झाला, मग ऊन झाला. केरबाने श्वास घेतला. त्याच क्षणी बाकीचे एकोणचाळीस हलले. खजिन्याचं दार आपोआप उघडलं आणि कालजिव्ह मांत्रिक आपल्या मनोऱ्यात बसल्या जागी दगड झाला. चौकात एकच कल्लोळ उठला. इठाबाई नवऱ्याच्या गळ्यात पडून त्याला शिव्या देत होती. आईला मुलगा मिळाला, वहिनीला दीर मिळाला. गोमती हात मागे घेऊन उभी राहिली.

केरबाने तिला वाकून नमस्कार केला. "आपण कोण, बाई? कूळ वेतांचं दिसतं."

"वेतांचंच. वैद्य आहे."

"उपकार झाले." त्याने गर्दीकडे नजर फिरवली. कुणाकुणाला घरची माणसं बिलगली होती. "किती वर्षं झाली?"

"तीन."

"मला एक थोरली बहीण आहे, अक्का. माझ्यासाठी सोमवार करायची. मला वाटलं होतं, डोळे उघडेन तेव्हा समोर ती असेल." तो जरासा हसला. "कितीजणांची आली. माझं कुणी आलं नाही. घरात रमली असेल."

इठाबाईने पदर तोंडात धरला.

गोमती म्हणाली, "रमली असेल. आई आहे का तुम्हाला?"

"होती."

"असेल अजून. तुम्ही जा. आजच निघा. मला वेतांचे कान आहेत, लांबचं ऐकू येतं. तुमची आई तुम्हाला हाक मारते आहे."

केरबाने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाकला आणि दाराकडे चालू लागला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच त्याची डोंगराची काया गळून पडली आणि पूर्वीचा काडीसारखा केरबा वाटेने जाताना दिसला. वारा सुटला होता. गोमती तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

राजा कीर्तिकेतू सिंहासनावरून उतरून आला. म्हणाला, "खजिना मोकळा झाला, राज्य मोकळं झालं. मागा."

"माझी वाट परत मिळेल का?"

राजाने मान खाली घातली. "बारवेत ठेवलेलं माझ्याही हातात नाही."

"मग एवढं करा. दारात येणाऱ्याने सगळं ऐकल्याखेरीज त्याला निवडू देऊ नका. मैनेने मध्ये थांबायचं नाही आणि विचारल्यावरच सांगायचं असं काही ठेवायचं नाही. बारवेचंसुद्धा आधीच सांगायचं."

राजाने तसा हुकूम काढला आणि तो नगारा वाजवून साऱ्या राज्यात फिरवला. गोमती दाराशीच राहू लागली. आता कुणी आलं की ती त्याला बसवी, पाणी देई. मैना सांगे, ती समजावी. "वैद्य व्हायचंय? तुझं माणूस कोणत्या कुळातलं आहे? मग तू ते घेऊ नकोस. राग येऊ दे त्याचा, पण घेऊ नकोस." कुणी ऐके, कुणी न ऐके.

एके दिवशी मैना म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमचा भाऊ घरी पोचला असेल."

"आज सातवा दिवस. पोचला असेल."

"आई त्याला सांगणार, अक्का तुलाच आणायला गेली म्हणून. राज्याबाहेरच्या बोलण्यावर इथला कायदा चालत नाही. मग तो परत येईल."

"येईल. आईचं सगळं नीट करून मगच येईल. आततायी असला तरी मायाळू आहे."

"आणि तुम्हाला ओळखणार नाही."

"नाही ओळखणार."

 गोमती दारातली धूळ झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "इथे उभा राहून विचारील, माझी बहीण इथे आली होती का. एवढं तर मला सांगता येईल ना? आली होती, एवढंच."

मैनेने कायदा मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिला. मग म्हणाली, "एवढं सांगता येईल."

"मग झालं," गोमती म्हणाली आणि तिने त्या दिवशीच्या पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

गोमतीला जे द्यावं लागलं ते तुम्हांआम्हांला न लागो, आणि लागलंच तर देताना हात न कापो. ज्याची वाट ती पाहते आहे, तो तिला वाटेवर दिसो. हातातले तांदूळ देवापुढे ठेवा, बायांनो. कहाणी पुरी झाली.