पाठ फिरवून पाहिलेले छायाचित्र

एकदा एका किनाऱ्यावरच्या गावात हौशी छायाचित्रकारांची मासिक बैठक भरली होती. प्रत्येकाने आपले छायाचित्र पडद्यावर दाखवावे आणि इतरांनी त्यावर मोकळेपणाने बोलावे, असा तिथला परिपाठ. मंडळातले वयोवृद्ध जाणकार भालचंद्र ओक यांना सगळे भाऊ म्हणत. हेरंब त्यांचाच शिष्य. त्याची नजर तीक्ष्ण होती आणि जीभही, त्यामुळे सारे त्याला वचकून असत.

त्या दिवशी शालिनी भाटकर प्रथमच आल्या होत्या. त्या फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटे देत. पहाटे समुद्रावर मोबाइलने टिपलेले एक छायाचित्र त्यांनी आणले होते. छायाचित्रे पडद्यावर लावायचे काम हेरंबकडे असे; हे लावताच त्याने दोष सांगायला सुरुवात केली. क्षितिज तिरके, चौकटभर नुसती वाळू, आणि कडेला जे काही आहे तेही हललेले. हे पुसून टाकलेलेच बरे, असे तो म्हणाला. शालिनीताईंनी मान हलवली, पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

भाऊंनी त्यांना हातानेच थांबवले. मग आपली खुर्ची उलटी मांडून ते पडद्याकडे पाठ करून बसले. कुणाला काही कळेना.

"हेरंब, मला हे चित्र सांग," ते म्हणाले.

हेरंबने तेच दोष पुन्हा सांगितले.

"ते ऐकलं मी. चित्रात काय आहे?"

नाइलाजाने हेरंब पडद्याजवळ गेला. ओली वाळू आहे, म्हणाला. तिच्यावर रेघा आहेत. मग तो थांबला. त्या रेघा नव्हत्या. इवल्या पावलांच्या माळा होत्या, शेकडो, आणि साऱ्या पाण्याकडे गेल्या होत्या. कडेला जो डाग हललेला वाटला, ते कासवाचे पिल्लू होते. तळहाताहून लहान. आयुष्यातली पहिली लाट त्याला उचलत होती.

हेरंबचा आवाज खाली आला. "भाऊ, क्षितिज तिरकं आहे, कारण ताईंनी वाळूवर गाल टेकलाय. त्या पिल्लाला समुद्र जेवढा उंच दिसला असेल, तेवढाच इथं दिसतोय."

भाऊ वळले. "तू आधी बोललास तेही खोटं नव्हतं. पण ते तू चित्रात शिरण्याआधी बोललास. मी समोर बसलो असतो तर नुसतं बोट दाखवून मोकळा झाला असतास. मला दिसत नव्हतं, म्हणून तुला बघावं लागलं. कुणाच्याही चित्रावर बोलण्याआधी एवढं करत जा."

हेरंब शालिनीताईंकडे वळला. क्षमा मागायची होती, पण तोंडून निघाले ते वेगळेच. "पुढं काय झालं त्याचं?"

"लाट मागं गेली," त्या म्हणाल्या, "तेव्हा वाळूवर काहीच नव्हतं."

हेरंब पुन्हा पडद्याकडे वळून त्या पिल्लाकडे पाहत राहिला. पुढचे छायाचित्र लावायचे आहे, हे बराच वेळ त्याच्या लक्षात आले नाही.