डाव्या हाताचा दुसरा ठोका

गोष्ट खूप जुनी आहे. किती जुनी ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठी माणसंच जास्त करतात.

समुद्राकाठी एक राज्य होतं. तिथली राणी दूरदेशाहून लग्न होऊन आलेली. माहेरून तिनं दागिने फारसे आणले नाहीत, एक पियानो तेवढा आणला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते धूड गलबतातून उतरवताना हमालांनी कपाळाला हात लावला होता म्हणे.

राणी म्हातारी झाली. बोटं आखडली, पट्ट्यांवर फिरेनात. तिच्या मनात एकच इच्छा राहिली होती. लहानपणी तिची आई पियानोवर एक गाणं वाजवायची, ते डोळे मिटण्याआधी एकदा ऐकायचं. पण ते गाणं त्या राज्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

राजवाड्यात फुलं आणणाऱ्या माळिणीला दोन मुली होत्या. दोघींचा कान मोठा तयार. राणीनं त्यांना बोलावलं आणि शिकवायला घेतलं.

गाणं होतं मात्र महाकठीण. उजव्या हातानं जेवढ्या वेळात तीन सूर वाजवायचे, तेवढ्याच वेळात डाव्यानं दोन. तेही सारख्या अंतरानं! आत्ता मांडीवर ठोकून बघा. नाही ना जमत? मग त्या पोरींना हसू नका.

त्यांनाही जमेना. तेव्हा राणी म्हणाली, "थोरले, तू उजव्या हाताचं वाजव. धाकटे, तू डाव्याचं. हे बसलं की अदलाबदल करा. मग एकेकीनं दोन्ही हात शिका."

"पण राणीसाहेब, आम्ही जुळायचं कुठे?" थोरलीनं विचारलं.

"पहिल्या ठोक्याला. तिथं भेटायचं, मग जिनं तिनं आपल्या चालीनं जायचं, आणि पुन्हा पहिल्या ठोक्याला भेटायचं. मधल्या वाटेत कुणी कुणाला ओढायचं नाही."

एवढं सांगून झालं आणि राणीनं अंथरूण धरलं. बहिणी एका बाकावर शेजारी बसून आपापला सराव करू लागल्या.

धाकटीचा हात पहिल्यापासून सरळ पडायचा. तिचा दुसरा ठोका थोरलीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सुराच्या बरोबर मधोमध यायचा. तो तिथंच यायला हवा होता. पण थोरलीला ते सहन होईना. आपण वाजवतोय आणि हिचं मधेच काहीतरी खुट्ट होतंय, असं तिला वाटायचं.

"अगं, मधेच काय कडमडतेस? माझ्या तिसऱ्या सुराबरोबर ये ना!"

"ताई, राणीसाहेबांनी असंच सांगितलंय."

"मला शिकवू नकोस. गाण्याची चाल माझ्या हातात आहे, लोक मला ऐकणार आहेत. तू गुपचूप माझ्याबरोबर यायचं."

धाकटीनं पुन्हा आपला ठोका आपल्या जागी टाकला. थोरलीनं तिचं मनगट धरलं, तिसऱ्या सुराशी आणून दाबलं आणि म्हणाली, "इथं!" रोज हेच. धाकटी कधी रडवेली व्हायची, कधी उठून खिडकीशी जाऊन उभी राहायची, पण परत येऊन बसायची. काय करणार, ताई होती ना ती! लहानपणी हिला कडेवर घेऊन हिंडलेली. हळूहळू धाकटीचा ठोका सरकला आणि थोरली म्हणेल तिथं पडायला लागला. थोरली खूश झाली. अदलाबदलीचं तर तिनं नावच काढलं नाही.

मग राणीला पालखीतून दालनात आणलं. दोघींनी गाणं वाजवलं. राणी डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"पोरींनो, खूप मेहनत घेतलीत," ती म्हणाली. "पण हे माझ्या आईचं गाणं नव्हे. हे लंगडतंय. डाव्या हाताचा दुसरा ठोका उशिरा पडतोय."

थोरली चटकन म्हणाली, "बघा! ही पहिल्यापासून चुकतेच आहे, राणीसाहेब. मी सांगून सांगून थकले."

धाकटीनं तोंड उघडलं. "ताई, मी तर तुझ्या..." एवढंच बोलली. थोरलीनं डोळे वटारले, तशी मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं, राणीसाहेब."

दुसऱ्या दिवशी ती खाडीपलीकडे मावशीच्या गावी निघून गेली. पुढं तिचं लग्नही तिथंच झालं. थोरली लग्नाला जाऊन आली, पण त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलली नाही.

आता दोन्ही हात थोरलीलाच वाजवायचे होते. ती बसली, आणि काय सांगू, तिचा उजवा हात डाव्याला ओढून न्यायला लागला! डावा दर वेळी तिसऱ्या सुरावर जाऊन आदळे. "अरे, मधेच काय कडमडतोस?" ती स्वतःच्याच हातावर ओरडली. हेच शब्द आपण कुणाला बोललो होतो, ते तिला आठवलं.

मग तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि नुसता डावा वाजवला, दोन सारखे ठोके, पुन्हा पुन्हा. दोनेक वर्षांनी त्यावर उजवा हळूच ठेवला, डाव्याला मुळीच न ओढता. आणि गाणं उभं राहिलं. दुसरा ठोका नेमका मधोमध पडला, धाकटी टाकायची तिथंच. थोरलीला रडू आवरेना.

पण राणी त्याआधीच गेली होती. आईचं गाणं ऐकायचं तिचं राहूनच गेलं.

थोरली तडक होडीत बसून बहिणीकडे गेली. धाकटी ओसरीवर बाळाला मांडीवर थोपटत होती. ताईला बघून तिचा चेहरा उजळला. "ये ना ताई, किती वाळलीस!" म्हणत तिनं पाणी दिलं, गूळ दिला.

थोरलीनं गूळ हातातच धरला. "चूक माझी होती गं," ती म्हणाली. "तुझा ठोका बरोबर होता. मी तुझा हात ओढला, आणि सगळ्यांसमोर खापरही तुझ्यावर फोडलं. माझ्यामुळे राणीसाहेब गाणं न ऐकता गेल्या. चल माझ्याबरोबर, आपण वाजवू. तू तुझ्या चालीनं वाजव, मी एक शब्द बोलणार नाही."

धाकटीचे डोळे भरले. तिनं बाळाला खाली निजवलं. थोरलीनं ओसरीच्या फळीवर तीन ठोके धरले. धाकटीनं दोन टाकले. दुसरा ठोका थोरलीच्या तिसऱ्यावर पडला. तिनं पुन्हा टाकला, पुन्हा तिथंच. कितीदा तरी केलं, पण हात काही मधे थांबेना.

"नाही जमत, ताई. हात तुझ्याच चालीनं पडतो. माझी चाल कशी होती ते तुला आठवतंय, मला नाही आठवत."

"मी शिकवते ना तुला!" थोरली कळवळून म्हणाली.

धाकटी हसली. "पुन्हा तूच शिकवणार?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर थोरलीला तो माफी मागून घालवता तरी आला असता. बाळ जागं झालं, तसं धाकटीनं त्याला उचललं आणि ताईसाठी भात टाकायला आत गेली.

पुढं थोरली राजवाड्यात तेच गाणं वाजवायची आणि लोक वाहवा करायचे. ती मात्र बाकाच्या एका कडेला बसून वाजवायची. शेजारची जागा तिनं कधी व्यापली नाही आणि तिथं कधी कुणी बसलंही नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाला त्याच्या चालीनं चालू द्यावं; ओढून आपल्या चालीत आणलं, तर त्याची चाल मोडते आणि मग ती आपल्यालाही परत देता येत नाही.