घुबडाचं भाषांतर

“बाई मला नक्की काय म्हणाली रे?” केवलस्वामींनी विचारलं.

“हंस म्हणाल्या, महाराज.”

“हंस...” स्वामी म्हणाले आणि वालाच्या शेंगा सोलू लागले.

श्रीरंग चपापला. तसं पाहिलं तर प्रश्न साधा होता. पण महाराजांनी तो दुसऱ्यांदा विचारला होता, आणि महाराज काही उगाच दोनदा विचारणाऱ्यांतले नव्हते.

आता हा श्रीरंग कोण, ते सांगायला हवं. सोनवडीच्या टेकडीवर केवलस्वामींचा मठ होता, तिथं तो वर्षभर राहिला होता, दीक्षेच्या आशेनं. मठाचा दंडक असा, की वर्षभर ज्याच्या तोंडून खोटा शब्द गेला नाही त्यालाच दीक्षा. घरच्यांशी भांडून आला होता बिचारा. सगळं वर्ष जीभ सांभाळून काढलं होतं, आणि दीक्षा उद्या सकाळी होती.

शिवाय श्रीरंगाला इंग्रजी येत होतं. म्हणजे, तसं त्याचं म्हणणं होतं. शब्दकोश पाठ केला होता पठ्ठ्यानं. मुंगूस विचारा, साळिंदर विचारा, इंग्रजी नाव तयार. आणि समोरच्याला ते माहीत नाही हे दिसलं की याची मान आणखी ताठ. त्यामुळे विलायतेहून एडिथबाई मठ पाहायला आल्या, तेव्हा स्वामींनी दुभाषी म्हणून त्यालाच बसवलं. सगळं गाव सभामंडपात गोळा झालं होतं.

बाई उठल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, की त्यांच्या पोटात फुलपाखरं उडताहेत. श्रीरंगानं ते जसंच्या तसं सांगितलं. बायका हळहळल्या. एकीनं लगबगीनं ओव्याचं पाणी आणून दिलं, आणि ते बाईंना सगळ्यांदेखत प्यावं लागलं. मग त्या म्हणाल्या, की त्यांचे यजमान म्हणजे एकटा लांडगा होते. श्रीरंगानं तेही सांगितलं. तेव्हा मात्र बायकांनी डोळ्यांना पदर लावले. असल्या माणसाशी संसार केला बाईनं!

इथवर सगळं ठीक चाललं होतं, निदान श्रीरंगाला तरी तसं वाटत होतं. मग बाईंनी स्वामींकडे वळून हात जोडले आणि भर सभेत सांगितलं, की हे तुमचे गुरू म्हणजे आऊल आहेत, खरेखुरे आऊल.

आऊल म्हणजे घुबड. श्रीरंगाच्या शब्दकोशात दुसरं काही नव्हतं. पुढ्यात गावची टवाळ पोरं कान टवकारून बसलेली... आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “बाई म्हणतात, महाराज हंस आहेत.”

टाळ्या पडल्या. लोकांनी बाईंना नारळ दिला, स्वामींच्या पाया पडले आणि खुशीत आपापल्या घरी गेले.

आता ओट्यावर दोघंच होते.

सांगितलं तर दीक्षा गेली. नाही सांगितलं तर ती मिळेल, पण खोट्यावर. आणि सांगायचं तरी कसं? रोज ज्यांचे पाय धरतो, त्यांच्या तोंडावर घुबड म्हणायचं?

“महाराज...”

“बोल.”

“हंस नाही म्हणाल्या त्या. घुबड म्हणाल्या.”

स्वामींचे हात थांबले.

“मग तू बदललंस का?”

“आपली अब्रू जाऊ नये म्हणून.”

“माझी?”

“नाही,” श्रीरंग खाली मान घालून म्हणाला. “माझी. घुबडाचा चेला म्हणून लोक मला हसले असते.”

एवढं बोलला आणि त्याला रडूच फुटलं. वर्ष फुकट गेलं, दीक्षा गेली, आता उद्या वळकटी उचलायची आणि कुठल्या तोंडानं घरी जायचं, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

स्वामींनी हातातली शेंग खाली ठेवली, बोटांची गोल भिंगं करून डोळ्यांना लावली आणि मान हळूहळू वळवत घुमले, “घूं... घूं...”

श्रीरंग रडता रडता बघतच राहिला.

मग स्वामी पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी सांगितलं, की बाईच्या मुलखात घुबड म्हणजे शहाणा, जाणता माणूस. तिकडं लहान मुलांच्या चित्रांत घुबडाला चष्मासुद्धा लावतात. एकटा लांडगा म्हणजे आपल्यातच रमणारा, फारसा कुणात न मिसळणारा. बायकांनी उगाच डोळे पुसले. आणि फुलपाखरं म्हणजे, चारचौघांत बोलायचं म्हणून बिचारीचा जीव घाबरला होता. त्यावर ओवा काय करणार?

“म्हणजे... हंस बरोबर होतं?”

“चोख होतं. आपल्याकडं जाणत्याला हंसच म्हणतात.”

“मग मी खरं बोललो?”

“छे. खोटं बोललास.”

श्रीरंगाला काही सुधरेना. शब्दाला शब्द लावून सांगितलं तिथं सगळं चुकलं, आणि खोटं बोलायला गेला तिथं अर्थ नेमका लागला. हे व्रतात कुठं बसवायचं?

“मग उद्या...” त्याला पुढं विचारवेना.

“उद्या सकाळी अंघोळ करून ये. घुबड म्हणालास ना माझ्या तोंडावर? झालं तर.”

श्रीरंगाचा जीव भांड्यात पडला. त्यानं उपरण्यानं नाक-डोळे पुसले, स्वामींच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडं ओढल्या आणि सोलायला बसला. हसू काही आवरत नव्हतं. सोलता सोलता मध्येच तो थबकला.

“महाराज, आपल्याला इंग्रजी येतं?”

“येतं की.”

“मग मला दुभाषी कशाला बसवलंत?”

स्वामींनी सोललेले दाणे सुपात टाकले.

“बाई काय म्हणते ते मला कळत होतं रे... तू काय म्हणतोस, ते ऐकायचं होतं.”