बेडकुलीला हवी पट्टी

एक होता पाण्याचा टँकर. टँकरच्या मागे, ओल्या कोपऱ्यात, राहायची एक बेडकुली. एवढीश्शी!

एकदा बेडकुलीने उडी मारली. टुणुक टुणुक... धप्प! गुडघ्याचं सालटंच निघालं.

"आई गं! झोंबतंय!"

टँकरच्या केबिनमध्ये होता औषधाचा डबा. बेडकुली गेली. टुणुक टुणुक.

"डबेदादा, डबेदादा, पट्टी दे ना!"

डबा म्हणाला, "कुठून देऊ? होती ती पाइपाला लावली. पाइपाने सोडली तर देतो."

बेडकुली गेली पाइपाकडे. टुणुक टुणुक.

"पाइपदादा, पाइपदादा,
डबा पट्टी देईना,
झोंबणं काही जाईना!"

पाइप म्हणाला, "सोडली तर मी गळेन. टप टप! रबराचा नवा वायसर बसला तर सोडतो."

बेडकुली गेली वायसरकडे. टुणुक टुणुक.

"वायसरदादा, वायसरदादा,
पाइप पट्टी सोडेना,
डबा पट्टी देईना,
झोंबणं काही जाईना!"

वायसर म्हणाला, "पान्याने आवळलं तर बसतो."

बेडकुली गेली पान्याकडे. टुणुक टुणुक.

"पानेदादा, पानेदादा,
वायसर काही बसेना,
पाइप पट्टी सोडेना,
डबा पट्टी देईना,
झोंबणं काही जाईना!"

पाना म्हणाला, "मुरारकाकांनी उचललं तर आवळतो."

मुरारकाका म्हणजे टँकरचे ड्रायव्हर. ते चहा पीत होते. फुर्र फुर्र!

"काका, काका,
पाना काही आवळेना,
वायसर काही बसेना,
पाइप पट्टी सोडेना,
डबा पट्टी देईना,
झोंबणं काही जाईना!"

"घाई कसली गं? एवढ्याशा गुडघ्याला कशाला हवी पट्टी?" फुर्र फुर्र!

बेडकुलीला आला राग. तिने गाल फुगवले.

"डरांव!"

काका दचकले. ताडकन उठले. कोपर दाराला घासलं.

"अगं आई गं! मेलो, मेलो! पट्टी कुठाय?"

डबा म्हणाला, "होती ती पाइपाला लावली."

"अरे, पण लावली कुणी?"

डबा बघतोय काकांकडे. पाइप बघतोय काकांकडे. बेडकुलीसुद्धा बघतेय.

काकांनी हळूच डोकं खाजवलं. "मीच की!"

मग काय! काकांनी पाना उचलला. पान्याने वायसर आवळला. वायसर पाइपात बसला. पाइपाने पट्टी सोडली.

शी! ओली, काळी, लिबलिबीत. चिकटेचना!

काका धावले मेडिकलमध्ये. पट्ट्या आणल्या, कापूस आणला, मलम आणलं. डबा गच्च भरला.

काकांनी कोपर पुढे केलं. डब्याने झाकण लावलं. खट्!

"रांगेत या, काका. आधी बेडकुली!"

काकांनी बेडकुलीला पट्टी लावली. एवढीशी बेडकुली, एवढी मोठी पट्टी. दिसतात फक्त डोळे!

मग काकांनी आपल्या कोपराला पट्टी लावली. "ऊं ऊं! झोंबतंय!"

बेडकुलीने हळूच फुंकर घातली. फू!

आता पाइप गळो, नाहीतर टँकरचा आरसा हलो, पट्टीला कुणी हात लावत नाही.

गोष्ट आमची संपली, डब्यात पट्टी उरली!