मागाचा ओर्दो

लई जुनी गोष्ट हाय, सात समुद्रांपल्याडची. एका म्हाताऱ्या हातमागाच्या पोटी एक शब्द जन्मला. मागावर दोरे शेजारीशेजारी ओळीनं लावत्यात ना, त्या ओळीचंच नाव व्हतं ते. बाप लाडानं त्याला ओर्दो म्हनायचा.

पोर मोठं झालं आन् परमुलखात गेलं. लष्करात शिरलं, कोर्टात बसलं, हाटेलात वरडायला लागलं. साहेबांनी त्याचं नाव ऑर्डर ठेवलं. मग काय, गडी बापाला इसरला.

एकदा घरनं सांगावा आला, की माग थकलाय, दोरे गुतलेत, मेंढपाळाच्या तान्ह्या पोरीची घोंगडी अर्धीच ऱ्हायलीया आन् थंडी दारात हाय. ऑर्डर आला तो कोट घालूनच. उंबऱ्यातनंच गरजला, "ए, ओळीत या. हुकूम हाय माझा."

दोरे बिचकले आन् दुप्पट गुतले.

"गप की गाढवा," माग म्हनला. "हितं हुकमानं कोन हलत न्हाई. तू ल्हान व्हतास तवा काय करायचास?"

"उभा ऱ्हायचो. शेजारच्याला जागा सोडून."

"मग उभा ऱ्हा."

ऑर्डरनं कोट काढला आन् दोऱ्यांत जाऊन उभा ऱ्हायला. एक दोरा गुत्यातनं सुटून त्याच्या शेजारी आला, मग त्याच्या शेजारी दुसरा. सांजंपातूर घोंगडी झाली. पोरगी उबंत झोपली.

दुसऱ्या दिशी तो कामावर गेला. आजबी वरडतोच म्हना, खोड कुठं जातीया. पन कोटाच्या बाहीला घोंगडीचा एक काळा दोरा चिकटलाय, तेवढा काय तो झटकत न्हाई.