कणी आणि दस्तगीरचाचांची सायकल

एक होतं कोंबडीचं पिल्लू. तांदळाच्या कणीएवढं इवलं. म्हणून तिचं नाव कणी.

एके सकाळी कोंबड्यांची मालकीण हौसामावशी मळ्यात राहायला गेली. डालग्यात कोंबडी घेतली. डालग्यात पिल्लं घेतली. कणी मात्र चुलीमागं झोपली होती. कुणाला दिसलीच नाही!

कणी उठली. बघते तर काय! आई नाही. भावंडं नाहीत.

"चीं चीं! आई गं?"

आई गेली मळ्यात. मळा ओढ्यापलीकडं. लांऽऽब. आणि कणीचे पाय केवढे? काडीएवढे.

तरी निघाली कणी. तुरुतुरु, तुरुतुरु.

झाडाखाली दस्तगीरचाचा सायकल जोडत होते. नवी सायकल. नवी म्हणजे काय, जुन्या तुकड्यांचीच! दांडा हिरवा. हँडल लाल. एक पॅडल काळं, एक पॅडल निळं. सीट फाटकी होती, तिला चाचांनी ठिगळ लावलं होतं.

"काय गं कणे, का रडतेस?"

"आई मला भेटेना! चाचा, मळ्यात नेता का?"

"नेईन की, बेटी. पण बघ, पुढचं चाकच नाही. भिंतीशी ठेवलं होतं. त्यावर दोडक्याचा वेल चढून बसलाय. वेल सुटेल, तर सायकल चालेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी गेली वेलाकडं. वेल चाकाच्या तारातारांत गुंतला होता. पिवळी पिवळी फुलं डुलत होती.

"काय गं कणे, का रडतेस?"

"सायकल काही चालेना,
आई मला भेटेना!
वेलोबा, चाक सोडता का?"

"सोडेन की. पण मग मी चढू कशावर? माझी फुलं मातीत लोळतील. मला चढायला बांबू हवा. बांबू तुटेल, तर वेल सुटेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी गेली नामाआजोबांकडं. नामाआजोबा बांबूच्या टोपल्या विणायचे.

"काय गं कणे, का रडतेस?"

"वेल काही सुटेना,
सायकल काही चालेना,
आई मला भेटेना!
आजोबा, बांबू तोडता का?"

"तोडेन की. पण कोयता झालाय बोथट. खर्र खर्र! नुसताच घासतोय. गुणाकाकूची चेन फिरेल, तर बांबू तुटेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी गेली गुणाकाकूकडं. गुणाकाकू धार लावायची. पॅडल मारलं की चेन फिरायची. चेन फिरली की दगड फिरायचा.

"काय गं कणे, का रडतेस?"

"बांबू काही तुटेना,
वेल काही सुटेना,
सायकल काही चालेना,
आई मला भेटेना!
काकू, धार लावता का?"

"लावेन की. पण चेन पडलीय कोरडी. कर्र कर्र कट्ट! बघ, अडकली. तेल निघेल, तर चेन फिरेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. आता कणीचे पाय दुखायला लागले. तरी कणी गेली पारूआत्याकडं. पारूआत्याचा तेलाचा घाणा होता.

"काय गं कणे, का रडतेस?"

"चेन काही फिरेना,
बांबू काही तुटेना,
वेल काही सुटेना,
सायकल काही चालेना,
आई मला भेटेना!
आत्या, तेल देता का?"

पारूआत्यानं आधी तिच्यापुढं शेंगदाण्याचा चुरा ठेवला. "खा गं बाळे." पण कणीला घास गिळेना.

"तेल दिलं असतं गं. पण घाण्याचा बैल बसलाय रुसून. बैल हलेल, तर तेल निघेल."

बैल केवढा! डोंगराएवढा! शिंगं ही एवढाली! कणी घाबरली. डोळे मिटले. आईला आठवलं. मग डोळे उघडले.

"फुर्रर्र! कोण आहे?"

"मी कणी.
बैल काही हलेना,
तेल काही निघेना,
चेन काही फिरेना,
बांबू काही तुटेना,
वेल काही सुटेना,
सायकल काही चालेना,
आई मला भेटेना!
बैलोबा, हलता का हो?"

"नाही हलणार! कानात गोचीड चावतेय. मान हलवली, कान हलवला, निघतच नाही. इतक्या आत कुणाला दिसतच नाही."

"मला दिसेल!" कणी म्हणाली. "मी इवलीशीच आहे. मान खाली करा बघू."

बैलानं मान खाली केली. कणी चढली नाकावर. नाकावरून कपाळावर. कपाळावरून कानात.

टोच!

गोचीड बाहेर!

"हाऽऽश!" बैल म्हणाला. "किती बरं वाटलं गं पोरी!"

आणि बैल हलला. गोल गोल, गोल गोल.

तेल निघालं. टप टप, टप टप.

चेन फिरली. गर्र गर्र! कोयत्याला धार लागली.

बांबू तुटला. खाट!

वेल सुटला. नामाआजोबांनी एकेक तार हळूच सोडवली. एकही फूल पडू दिलं नाही. वेल बांबूवर चढला आणि चाक निघालं घरंगळत. गड गड, गड गड!

चाचांनी चाक बसवलं. नट पिळले. हवा भरली. फुस्स, फुस्स! मग कणीला उचललं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"डोकं बाहेर ठेव हं, बेटी. रस्ता दाखव."

सायकल चालली. ट्रिंग ट्रिंग! दांडा हिरवा, हँडल लाल. ओढा आला. झुळूक आली. मळा आला.

आणि दारात कोण? आई! सकाळपासून तिनं दाणा टिपला नव्हता. इकडं बघायची, तिकडं बघायची. कुक् कुक् कुक्!

"आईऽऽ!" कणीनं खिशातूनच उडी मारली.

"कुठं होतीस गं माझे बाई?"

"चाचांच्या खिशात!" कणी म्हणाली. बाकीचं सांगायचं होतं, पण जांभईच आली.

आईनं पंख उघडला. आत ऊब होती. आत भावंडं होती. आणि मधोमध एक जागा होती, कणीएवढी.

कणी शिरली पंखात,
आपण शिरू गोधडीत.