ठकूबाईची आमटी

कारभारी हैबतरावांनी डाळीवरची जकात वर्षात तीनदा वाढवली. डाळीला सोन्याचा भाव आला, तशा गावच्या बायका चावडीवर धडकल्या. हैबतराव मिशीला पीळ देत म्हणाले, "रडता काय? पाहुणा आल्यावर करता तेच करा. भाव वाढला की आमटीत तांब्याभर पाणी वाढवा!"

कारकून खदाखदा हसले. ठकूबाई कोष्टीण मात्र हात जोडून म्हणाली, "तसंच करते, सरकार. उद्या दुपारी चाखायला यावं."

तिच्या आमटीचं नाव पंचक्रोशीत होतं. हैबतराव न्याहारी न करताच आले. सगळी आळी दारात जमली. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तर तो पांढराच वर आला.

"अगं, डाळ कुठंय?"

"भाव तीनदा वाढला, सरकार. तुमच्या हुकमाप्रमाणं तीन तांबे पाणी घातलं."

"पण डाळ खाल्ली कुणी?"

"वाटीत वाकून बघा की. ज्यानं खाल्ली, त्याचं तोंड दिसतंय."

हैबतराव वाकले. वाटीत त्यांच्याच मिशा थरथरत होत्या. ते गडबडीनं उठू लागले, तशी ठकूबाई म्हणाली, "पान टाकून उठू नका, सरकार. महागाई आहे."

दिवे लागायच्या आत जकात उतरली.